जुनी होडी घेताना: १६ फुटी की २२ फुटी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यात हिडकल धरणाच्या फुगवट्याकाठी, कृष्णेवर मांजरी-अंकली-येडूरकडं आणि सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणावर मासे धरणारी आपली मंडळी कारवार, गोवा, वेंगुर्ला, मालवणकडून वापरलेल्या फायबर होड्या आणतात. बहुतेकांच्या पुढ्यात शेवटी दोनच होड्या उरतात, एक १५-१६ फुटी आणि एक २१-२२ फुटी. विकणारा म्हणतो, "थोडेच पैसे जास्त घाला आणि मोठी न्या." मग मला फोन येतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. खाली 'छोटी' म्हणजे १६ फुटी, 'मोठी' म्हणजे २२ फुटी.

१. दादा, फिरवून सांगू नका. छोटी घेऊ की मोठी?

दोघं जण जाळं टाकत असाल आणि होडी घरचेच लोक ओढणार असतील तर छोटी. चौघांची टोळी आहे, जाळी भरपूर आहेत, धरणाच्या उघड्या पाण्यात जायचंय आणि काठापर्यंत ट्रॅक्टर पोचतो, तर मोठी. किंमत बघायची ती यानंतर.

लोक होडीचा विचार पाण्यात करतात, तिचा खरा त्रास असतो काठावर. हिडकल ५१ टीएमसीचं धरण आहे. पावसाळ्याच्या शेवटी ते भरतं आणि उन्हाळ्यापर्यंत कालव्यांना पाणी सुटून उतरत जातं. जिथं काठ सपाट आहे तिथं पाणी आठवड्याला दिसण्यासारखं मागं सरकतं. आज ज्या दगडाशी होडी बांधली तो दगड पंधरा दिवसांनी चिखलाच्या पार मागं असतो. छोटी फायबर होडी साधारण दीड-दोनशे किलोची. चार माणसं 'हुप्प' करून ती सरकवतात. मोठी चारशेपासून सहाशे किलोपर्यंत जाते आणि चिखलात बसली की चौघांना दाद देत नाही.

माझी पहिली होडी २२ फुटीच होती. एका एप्रिलमध्ये घरच्या लग्नामुळं चार दिवस काठाकडं गेलो नाही. पाचव्या दिवशी बघतो तर होडी चिखलात आणि पाणी पलीकडं. ऊस ओढणारा ट्रॅक्टर बोलावला, तोच रुतला. मग त्याला काढायला दुसरा. होडी शेवटी पाऊस लागल्यावर आपणहून तरंगली. तेव्हापासून कुणीही विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो, मे महिन्यात ओढायला हात किती?

२. विकणारा २२ फुटी म्हणाला, टेप लावली तर २० भरली. फसवतोय का?

असेलच असं नाही. कोण नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या निमुळत्या भागाच्या, टोकापासून मोजतं, कोण तळाची लांबी सांगतं. तुम्ही स्वतः टेप लावा. पण लांबीइतकीच, किंबहुना जास्त, मधली रुंदी मोजा. होडी कलंडते की नाही हे मुख्यतः रुंदीवर ठरतं. त्याच लांबीच्या होडीची रुंदी ४ फुटांऐवजी ५ फूट असेल तर कलंडायला होणारा विरोध जवळजवळ दुप्पट होतो, कारण इथं रुंदीचा घन लागतो. म्हणून १६ फुटी पण पोटात रुंद होडी ही २० फुटी निमुळत्या होडीपेक्षा जाळं ओढायला बरी पडू शकते. जाळं ओढताना दोघंही होडीच्या एकाच काठावर वाकलेले असतात, हे विसरू नका.

३. छोटीत किती माणसं आणि किती माल बसतो?

विकणाऱ्याचं ऐकू नका. खडू घ्या आणि होडी कमरेएवढ्या शांत पाण्यात न्या. रिकाम्या होडीवर पाण्याच्या रेषेला खडूची खूण करा. मग ओळखीच्या वजनाची चार माणसं मधोमध बसवा आणि होडी किती खाली गेली ते मोजा. आमच्या छोटीत तेहतीस-पस्तीस किलोला एक सेंटीमीटर असा हिशोब येतो, मोठीत साठ-पासष्ट किलोला एक.

आता रोजचं वजन धरा. दोन माणसं १३० किलो, मोटर ३८, तेल २०, ओली जाळी ८०, आणि देवानं दिले तर मासे १००. झाले ३७० किलोच्या आसपास. छोटी ११ सेंटीमीटर खाली जाते, मोठी सहाच. एवढा भार घेऊन होडीचा काठ पाण्याच्या वर किमान एक वीत, शक्यतो फूटभर राहिला पाहिजे. ओलं जाळं कोरड्यापेक्षा किती जड होतं हे लोक धरतच नाहीत आणि परतीच्या वेळी सगळं एकदम अंगावर येतं.

४. समुद्रावरची होडी गोड्या पाण्यात चालते का?

चालते. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड असतं, त्यामुळं तीच होडी धरणात किंचित जास्त बुडते. पण तो फरक जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा. त्याची काळजी नको.

लाकडी होडीचं मात्र वेगळं. खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा गोड्या पाण्यात जगत नाही, हे चांगलं. पण मीठ लाकडाला कुजण्यापासून जपतं आणि इथं ते मीठ धुऊन जातं. पावसाचं पाणी तळाशी साचून राहिलं की सांधे आणि खालच्या फळ्या सडायला लागतात. शिवाय उन्हाळ्यात महिनाभर कोरडी पडली तर फळ्या आकसतात आणि भेगा उघडतात. लाकडी स्वस्तात मिळतेय म्हणून बरेच जण विचारतात. घरात सुतारकाम येणारा कुणी नसेल तर मी नको म्हणतो.

मोटरच्या पायाला धातूचा एक तुकडा लावलेला असतो, मोटरच्या आधी स्वतः गंजून जायला. समुद्रावर तो जस्ताचा असतो. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, तिथं मॅग्नेशियमचा लागतो. आणल्याबरोबर बदला.

५. जुनी फायबर होडी तपासायची कशी? आम्हाला फक्त रंग दिसतो.

रंग दिसतो तीच तर अडचण आहे. ताजा, चकचकीत, एकसारखा रंग बघितला की मी आधी संशय घेतो. त्यापेक्षा उन्हानं फिकी पडलेली, जुन्या खरचट्या दिसणारी होडी बरी. ती काही लपवत नाही.

हातात एक नाणं किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि तळापासून काठापर्यंत वीतभर अंतरानं ठोकत जा. चांगल्या फायबरचा आवाज टणक येतो. जिथं 'ठक'चा 'बद' होतो तिथं आतले थर सुटलेत. खडूनं गोल करा. दोन-चार छोटे गोल असतील तर भाव कमी करून घ्या. तळभर गोल झाले तर घरी या. तळाला भाजल्यासारखे फोड दिसले तर एक फोडून बघायची परवानगी मागा. आतून आंबट वासाचं पाणी आलं तर पाणी थरात शिरलंय.

मग मागची फळी, जिच्यावर मोटर बसते ती. बाहेरून फायबर, पण आत बहुधा प्लायवूड. मोटर बसवलेली असेल तर तिचा खालचा पाय धरून वर-खाली हिसका द्या. फळी लवली, बोल्टभोवती केसासारख्या चिरा दिसल्या किंवा भोकातून तपकिरी पाणी पाझरलं, तर आतलं लाकूड भाकरीसारखं मऊ झालंय. मी मोठी घेतली तेव्हा हे केलं नाही. रंग नवा होता, माणूस गोड बोलला, आणि दुसऱ्या महिन्यात मोटर फळीसकट हलायला लागली.

शेवटची परीक्षा आपल्याच भागात सोपी आहे: वजनकाटा. साखर कारखाना असो की गावचा धर्मकाटा, होडीसकट टेम्पो चढवा, मग रिकामा चढवा. अशा काट्याला दहा-वीस किलोचा फरक पडतो, पण आपल्याला ग्रॅम नको आहेत. होडी बुडू नये म्हणून बाकांखाली आणि दुहेरी तळात फोम भरलेला असतो. जुन्या होडीत तो पाणी पितो. तशाच मापाच्या दुसऱ्या होडीपेक्षा ही शंभर किलो जड भरली तर ते शंभर किलो पाणी तुम्ही विकत घेताय, आणि मेमध्ये ओढणारही तुम्हीच (प्रश्न १). समुद्रकाठीही काटे असतात. पैसे देण्याआधी तिथंच वजन करा, इथं आणून काय उपयोग?

६. होडीबरोबर मोटर फुकट देतोय. घेऊ का?

फुकट मोटर सहसा महागात पडते. तरी बघा. विकणाऱ्याला सांगा, मी येईपर्यंत चालू करू नको. गेल्यावर मोटरवर हात ठेवा. गार पाहिजे. गरम असेल तर आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड असताना ती लागत नसणार.

चालू केली की मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. धार नसेल किंवा थेंब-थेंब पडत असेल तर थंड करणारे मार्ग मिठानं चोंदलेत. समुद्रावरच्या मोटरचा हा नेहमीचा रोग. खालच्या गियरचं तेल थोडं काढून बघा. दुधासारखं पांढरं निघालं तर सीलमधून पाणी आत जातंय.

पायाची लांबी सगळ्यात जास्त चुकते. आखूड पायाची मोटर १५ इंचाच्या फळीला आणि लांब पायाची २० इंचाच्या. मोठीची मोटर छोटीला लावली तर पाय खाली लोंबतो आणि उथळ पाण्यात दगडाला लागतो. छोटीची मोठीला लावली तर पंखा हवा ओढतो.

७. किती अश्वशक्तीची मोटर लागते?

धरणात छोटीला ५ ते ८ पुरते, मोठीला ९.९ ते १५. टू-स्ट्रोक ९.९ पूर्ण वेगानं चालवली तर तासाला चार-पाच लिटर तेल पिते. हा खर्च रोजचा आहे, होडीची किंमत एकदाचीच. छोटीला मोटर बंद पडली तरी एक गडी दोन वल्ह्यांनी घरी येतो. मोठी एकट्यानं वल्हवून वाऱ्याविरुद्ध आणणं जमत नाही.

राकसकोपसारख्या पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात मोटरच काय, साधी होडी घालण्याआधीही परवानगी विचारा.

८. वळवाच्या वाऱ्यात छोटी उलटते असं घरचे म्हणतात. खरं आहे का?

घरच्यांचं म्हणणं डावलू नका. मार्च ते मे दुपारनंतर ढग भरून आले की दहा मिनिटांत वारा सुटतो. धरणातल्या लाटा समुद्रासारख्या लांब नसतात. आखूड आणि उभ्या असतात, आणि छोट्या होडीची नाळ एका लाटेवरून उतरते ती दुसरीत घुसते. मोठी एकाच वेळी दोन लाटांवर बसते, म्हणून कमी आपटते. इथं मोठीचा फायदा खरा आहे.

पण छोटीवाल्यांनी त्यावर सोपा उपाय काढलाय. जाळं संध्याकाळी काठाच्या खाडीत लावायचं, पहाटे काढायचं आणि दुपारी घरी झोपायचं. ज्यांचा धंदा असा चालतो त्यांना मोठीची गरज पडत नाही. ज्यांना कटला-रोहूसाठी मधल्या खोल पाण्यात जायचंच आहे त्यांनी मोठी घ्यावी. दोन्ही होड्यांत माणशी एक लाइफ जॅकेट, आणि ते अंगात. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट बुडणाऱ्याच्या हाती लागत नाही.

पाणी उतरतं तेव्हा बुडालेल्या गावांचे अवशेष वर येतात, हेही लक्षात ठेवा. हिडकलमधलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर एरवी पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात उघडं पडतं. उघडं दिसतं तेव्हा धोका नाही, माणूस पाया पडतो आणि पुढं जातो. पाणी हातभर वर असतं ते दिवस पंख्याला वाईट.

९. आम्ही कृष्णेवर आहोत, धरणावर नाही. हेच सगळं लागू का?

बरंचसं नाही. नदीत पाण्याला ओढ असते आणि पात्र अरुंद. लांब होडी ओढीत आडवी झाली की वळवायला जागा लागते, म्हणून अंकली-येडूरच्या भागात मी छोटीच सांगतो. कल्लोळसारख्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला दोन्ही नकोत. दारं उघडी असताना ओढ वरून दिसत नाही.

काही जण विचारतात, मग बांबूची गोल बुट्टी, म्हणजे हरिगोल, किंवा ट्यूब काय वाईट? उथळ पाण्यात आणि दगडांत बुट्टीला तोड नाही, किंमतही किरकोळ. पण ट्यूबवर पाय पाण्यात सोडून बसणं कृष्णेत मला पटत नाही. इथं मगरी आहेत. काठावर ऊन खात पडलेली दिसते ती एकच नसते.

१०. होडी घ्यायला कोणता महिना बरा?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. मेअखेरीला होड्या वर ओढल्या जातात आणि विकायच्या असतील त्यांचे भाव तेव्हा नरमतात. होडी उलटी किंवा कोरडी बघायला मिळते, ठोकून तपासायला ते उत्तम. मोटर मात्र पाण्यात चालवून बघता येत नाही. म्हणून होडी तेव्हा ठरवा आणि मोटरचा व्यवहार वेगळा ठेवा. धरणातही पावसाळ्यात माशांच्या विणीच्या काळात बंदी लागते. तारखा मत्स्य खात्याच्या त्या वर्षीच्या आदेशात बघा.

११. घाटातून आणायची कशी?

छोटी पिकअपवर येते. मागं सहा-सात फूट बाहेर राहते, तिला लाल कापड बांधा, आणि रात्री आणू नका. मोठीला १७ फुटी आयशर लागतो, तरी पाचेक फूट बाहेर. चोर्ल्याच्या वळणांत ती शेपटी समोरच्या बाजूला झाडते, म्हणून भाडं थोडं जास्त पडलं तरी सवयीचा ड्रायव्हर घ्या. होडी उलटी घालून आणली तर तळ वर येतो आणि काठावर सगळं वजन पडतं. सुलटी, आणि खाली भाताचा पेंढा भरलेली पोती. दोर नुसत्या काठावरून आवळला तर फायबर चिरतं, दोराखाली जुनी सायकल ट्यूब घाला.

१२. कागद काय बघायचे?

समुद्रावरच्या होडीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो: कर्नाटकाच्या होडीला आयएनडी-केए, महाराष्ट्राच्या आयएनडी-एमएच, गोव्याच्या आयएनडी-जीए अशी सुरुवात. तो क्रमांक आणि विकणाऱ्याच्या हातातला दाखला एकच आहे का, नाव त्याचंच आहे का, होडीवर बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज आहे का, हे तीन बघा. मूळ नोंदणी विकणाऱ्यानं तिथल्या मत्स्य कार्यालयातून रद्द करून द्यावी. उद्या ती होडी कुठं सापडली तर नाव त्याचं निघेल, हे त्यालाच समजावून सांगितलं की तो लवकर हलतो.

खरेदीखत स्टॅम्पवर, नोटरीसमोर, त्यात होडीची मापं आणि मोटरचा नंबर. इकडं मासे धरायचा परवाना वेगळा. तो कर्नाटक अंतर्गत मत्स्य कायदा, १९९६ खाली येतो आणि अर्ज कन्नडमध्ये असतो. नीट वाचणाऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

१३. जुन्या होडीला अनुदान मिळतं का?

नाही, ही आशा धरू नका. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अशी मदत आहे, पण ती नव्या होडीला, पक्क्या बिलावर. कधीकधी हिशोब असा निघतो की अनुदान धरून नवी छोटी जुन्या मोठीच्या आसपास पडते. घरात बाई परवानाधारक असेल तर हा हिशोब आधी करून बघाच.

१४. आम्ही दोघं भाऊ. एक मोठी घ्यावी की दोन छोट्या?

होडीपेक्षा हा घरचा प्रश्न जास्त आहे. दोघं एकत्र कष्ट करता आणि पैसा एका डब्यात पडतो तर एक मोठी स्वस्त पडते: एक मोटर, एक दुरुस्ती. वाटण्या झाल्या असतील किंवा होतील असं वाटत असेल तर दोन छोट्या. होडी मधून कापता येत नाही. माझ्या ओळखीच्या दोघांनी मोठी घेतली आणि आता एक जण सोम-बुध-शुक्र, दुसरा मंगळ-गुरू-शनी नेतो. रविवारचा वाद अजून सुटलेला नाही.

१५. पुराच्या वेळी माणसं काढायला म्हणून गावानं वर्गणी काढलीय. त्यासाठी कोणती?

इथं माझं उत्तर उलटं आहे: मोठी, रुंद आणि सपाट तळाची. २०१९ आणि २०२१ ला कृष्णाकाठानं जे बघितलं त्यात होडीत म्हातारी माणसं, शेळ्या, गॅसची टाकी, सगळंच येतं आणि घाबरलेली माणसं होडीच्या एकाच काठावर गर्दी करतात. रुंदी का हवी ते प्रश्न २ मध्ये आहे.

पण पुराचं पाणी शेतावरून वाहतं. खाली उभा ऊस असतो, काटेरी कुंपण असतं, विहिरीचा कठडा असतो. उसाचा पाला पंख्याला गुंडाळला की मोटर बंद, आणि होडी ओढीत. म्हणून मोटरवर विसंबू नका. दोन लांब बांबू, चार वल्ही आणि काठावरून सोडलेला दोर हवाच. विजेच्या तारा पाण्याच्या जवळ आलेल्या असतात. आधी वायरमनला फोन करून लाइन बंद केल्याची खात्री करा. आणि होडी वर्षभर उपडी, सावलीत, किल्ली दोन घरांत.

१६. मालवणहून आणलेल्या होडीला बाजूला उलांडी आहे. जाळ्याला अडचण होते, काढून टाकू का?

काढू नका. आडव्या दांड्यांवर बांधलेलं ते बाजूचं लाकूड शोभेचं नाही. उलांडीची होडी मुळात अरुंद बांधलेली असते, तिचं संतुलन त्या लाकडावरच आहे. काढली की पहिल्याच जाळ्याला ती कलंडेल. अडचण होते तर जाळं दुसऱ्या बाजूनं टाका, तिकडचे लोक तसंच करतात. ट्रकमध्ये घालायला सोडावी लागलीच तर दोराचे वेढे उकलण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, आणि दांड्या नाळेकडची कुठली, मागची कुठली ते खिळ्यानं कोरून ठेवा. आमच्याकडं एकानं उलट्या बांधल्या होत्या. होडी सरळ जायचीच नाही. आठ दिवस तो मोटरलाच शिव्या देत होता.